रातपाळी

सिव्हिलच्या ओपीडीत बाकावर आम्ही तिघं:
मी, यादगिरी आणि त्याची फाईल.
तिघांत तीच जास्त बोलते.
एकोणीस वर्षांत जाड झालीय,
विडीच्या दोऱ्यानं बांधलीय मी.

आत गेलं की डॉक्टर माझ्याकडं बघून विचारतात,
"जेवतो का? मारतो का?"
तो शेजारीच असतो. बेचाळीस वर्षांचा,
मिशीला तेल लावून आलेला,
पिवळ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला,
कारण डॉक्टरकडं जाताना शर्ट असा घालायचा
हे त्याला कळतं.

नायना गेला चैत्रात
आणि पंधराव्या दिवशी माग विकले. दोन्ही.
किलोच्या भावानं.
टेम्पो गल्लीत शिरेना, चौघांनी उचलून नेले.
यादगिरी उंबऱ्यात उभा राहून बघत होता.
काय कळणार त्याला, म्हणाले सगळे.
मीही काही सांगितलं नाही,
तेंदूची पानं भिजवायला बसले.

त्यानंतर रात्री सुरू झालं.
दहा वाजले की भिंतीवर मूठ.
खट्. थांब. खट्.
पहाटेपर्यंत. बोटांची सालं निघाली.
पलीकडचे चिप्पा आधी भिंतीवर, मग दारावर थापा मारून गेले.
"असं असतंच यांचं," एक डॉक्टर म्हणाले
आणि गोळी वाढवली. दुसऱ्यांनी आणखी.
मग तो दिवसभर लाळ गाळत पडायचा
आणि रात्री झोपेतच मूठ चालायची.

यंदा मुजावर मॅडम आल्या.
त्यांनी खुर्ची सरकवली, एवढंच.
माझ्यासमोरून त्याच्यासमोर.
"यादगिरी, रात्री काय करता?"
करता, म्हणाल्या.
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं थांबवलं,
विडी वळताना पान दाबतो तेवढ्याच जोरानं.

किती वेळ गेला.
बाहेर पुकारत होते, अडुसष्ट, एकोणसत्तर.
पंखा तीच गरम हवा ढवळत होता.
लोकांचा खोळंबा म्हणून मलाच लाज वाटायला लागली.
मग त्यानं टेबलावर मूठ ठेवली.
खट्. थांब. खट्.
आणि दुसरा हात, जो अंधारात मी कधी बघितलाच नव्हता,
धोट्यासारखा धावत होता,
इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"पाळी," तो म्हणाला. "नायना नाय. मी."

दीड वर्ष माझा भाऊ रातपाळी करत होता
आणि आम्ही त्याला औषध देत होतो.

मॅडमनी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं,
वाचून दाखवलं. त्याला.
मग विचारलं, "पाळी सुटते कशी?"
"भोंगा."

मिल बंद पडली त्याच वर्षी माझं लग्न मोडलं.
पुढं मिलचा तो भोंगा नायना तोंडानं काढायचा,
पहाटे मागावरून उठताना, पोरगं हसावं म्हणून.
मी विसरले होते.

"आणि तुमची झोप?" मॅडमनी विचारलं.
माझी कुठं फाईल होती?
म्हटलं, हिशेब हजार विड्यांचा असतो मॅडम, झोपेचा नसतो.
हसले. हसता हसता पदर तोंडाशी गेला
तो खाली येईना.
यादगिरीनं रुमाल दिला. इस्त्रीचा,
जो तो कुणाला हात लावू देत नाही.

आता दुसऱ्या शनिवारी आम्हाला बोलावतात.
लांब टेबल, चहा, डॉक्टर, सिस्टर, आमच्यासारखी सात घरं.
इथं काय बदलावं, विचारतात.
यादगिरी म्हणाला, "नंबर नको. नाव."
अजून नंबरच पुकारतात.
फक्त आमच्या वेळी शिपाई अडखळतो,
कागद डोळ्यांजवळ नेतो...

गोळी आहे, अर्धी.
दहाला मूठ सुरू होतेच.
बाराला मी कात्री ठेवते, तंबाखूचे हात धुते
आणि भिंतीकडं तोंड करून भोंगा काढते. बेसूर.
चिप्पांचं कुत्रं भुंकतं.
तो अंगावरचा नसलेला कापूस झटकतो.
"सुटली," म्हणतो. "अक्का, तुझीपण."

मी सुपाकडं बघते.
अजून दोनशे व्हायच्यात.